हात वर

मार्चचा पहिला मंगळवार. व्हर्मॉन्टमधलं पिटकिन्स मिल.
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेघांवर
घडीच्या खुर्च्या, दाराशी चिखलाच्या बुटांचं तळं.
टेबलामागची बाई यादीवर पट्टी सरकवत
माझ्या नावापाशी थांबली :
स्टोवेल आणि स्वेट यांच्या मधोमध
सुखटणकर. उच्चार न करताच तिनं टिक केलं.

कलम नऊ : रस्त्यावरचं मीठ. कलम दहा : कुत्र्यांचे परवाने.
मग कलम अकरा :
वाचनालय गावाच्याच ताब्यात राहावं का,
आणि गळक्या छपराचे एकोणीस हजार डॉलर
गावानंच भरावेत का.

कंपनीचा माणूस वाईट नव्हता.
मऊ बोलला. पडद्यावर निळे खांब दाखवले,
बावीस टक्के बचत. छप्पर ते बघतील, पुस्तकंही तेच,
निवडणारं ऑफिस चार राज्यं सोडून पलीकडे.
कुणीतरी विचारलं, केकची भांडीपण देणार का?
तो हसला. आम्ही हसलो नाही.
आमच्याकडे ती कपाटात असतात,
बर्फात चालायच्या फळ्यांच्या शेजारी,
त्यांच्यावरही परतीची तारीख.

मी थेल्माकडे बघत होते,
जिचा दंड पाद्र्यालाही चुकलेला नाही.
एका हिवाळ्यात मी मराठी पुस्तक मागितलं.
सात आठवड्यांनी मिशिगनहून आलं,
आत तारखेची चिठ्ठी, उलटी चिकटवलेली.
"रेघ खालीच असते ना," ती म्हणाली, "वहीत असते तशी."
आमची अक्षरं लोंबतात, मी म्हटलं,
तुमच्या माळ्यावरच्या वटवाघळांसारखी.
चिठ्ठी तिनं काढली नाही. डिंक फुकट जातो.

ऑरिन पाइक उठला,
ज्यानं जन्मात एकाही कराला हो म्हटलेलं नाही.
छप्पर मी चढून पाहिलंय, म्हणाला.
एकोणीस लागत नाहीत. पत्रा माझ्याकडे आहे.
आणि खाली बसला.
हे बाजूनं की विरोधात, कुणालाच कळलं नाही.

आवाजी मतदानात दोन्ही आवाज सारखेच.
मग हात मोजायचं ठरलं.

माझ्या भाषेत हात वर करणं म्हणजे
आपला काही संबंध नाही म्हणणं.
नगरपालिकेनं केले, मेहुण्यानं केले,
वडिलांच्या दुखण्यात दोन डॉक्टरांनी केले.
मीही केले, आणि विमानात बसले.
आता ओल्या कोटातला उजवा हात उचलला
आणि तो तसाच धरून ठेवायचा होता,
मोजणारा शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन,
चुकून, पुन्हा पहिल्यापासून येईपर्यंत.
खांदा भरून आला. पुढच्या रांगेत थेल्माचा हात,
बाहीवर वाळलेला डिंक.

एकशे एकतीस. विरोधात एकशे सव्वीस.
टाळ्या वाजवायची पद्धत नाही. कुणीतरी खोकलं.
कलम बारा : स्मशानाचं कुंपण.

बाहेर पडताना दाराशी एक कागद होता :
पत्रा. खिळे. शिडी धरणं.
शिडीपुढे एकही नाव नव्हतं.
मी माझं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर दिसलं
की मराठीत लिहिलंय.
खोडणार, तेवढ्यात मागून ऑरिन वाकला.
कागद त्यानं उलटा फिरवला, सुलटा फिरवला.
"शनिवारी," म्हणाला. "हातमोजे आण."