खुणेचं पान

एका बाजूला सुकटवाला लतीफ,
दुसऱ्या बाजूला भिवापुरी मिरचीचं पोतं घेऊन गिरजाबाई,
मधल्या साडेचार हातांत
दर शुक्रवारी माझी ताडपत्री.
आधी मी चपला विकायचो.
तेव्हा पोरं पाय पुढे करायची,
आता हात मागे बांधून उभी राहतात.
"हात लावला तं पैसे पडते काय, काका?"

अर्धी पुस्तकं नागपुरातून किलोनं आणतो,
अर्धी नवी, थोडी किंमत तोडून.
घरी बायको खळ लावून त्यांच्या पाठी चिकटवते.
म्हणते, चपला निदान जोडीनं जायच्या.

समीक्षा कोडापे. पाचवी.
पलीकडच्या गुड्यावरून चालत येते,
आईच्या पत्रावळ्या खपेस्तोवर मोकळी.
तिनं एकेक उघडून पाहिलं:
एकात पिवळ्या रेनकोटातली पोरगी,
एकात केक, एकात बर्फाचा माणूस,
नाकाच्या जागी गाजर.
"याच्यात कोनी शेन नाही उचलत काय?"
असंल एखाद्यात, मी म्हटलं.
"पान्याले येर म्हननारं कोनी?"

मी थप्पी खालीवर केली.
चपलेचा नंबर नसला की म्हणायचो,
पुढच्या बाजारी आणतो, ताई.
इथं तेवढंही तोंडातून निघेना.

शेवटी एका नावाड्याच्या पोरीचं पुस्तक तिला पटलं.
तीस रुपये.
तिच्या मुठीत पाच, त्यातले तीन भज्यांचे.
उभ्याउभ्या अकरा पानं वाचली.
आईची हाक आली तशी
टोपल्यातलं पळसाचं पान तोडून
पानात पान ठेवलं,
पुस्तक थप्पीच्या तळाशी सारलं
आणि मी पाहिलं नाही असं समजून पळाली.

पुढच्या शुक्रवारी पान तेविसावर.
मग एक शुक्रवार ते हललंच नाही,
परीक्षा असेल, किंवा ताप.
त्याच दिवशी तलाठ्याच्या बाईनं नेमकं तेच उचललं,
भाच्याच्या वाढदिवसाला.
विकलेलं आहे, मी म्हटलं.
"मग इथं काहून?"
नेणाऱ्याच्या घरी ठेवायला जागा नाही.
तसं फार खोटं नव्हतं.

रात्री कंदिलासारख्या त्या चार्जिंगच्या दिव्यात
मी ते पहिल्यांदा स्वतः उघडलं.
एकोणिसाव्या पानावर नदी,
नदीच्या पोटात पेन्सिलीनं, बारीक:
येर.
मी खोडरबर घेतला.
मग ठेवून दिला.
किंमत तीसच राहू दिली.

आता ताडपत्री आवरताना
एकेक पुस्तक झटकतो आणि काही ना काही पडतं.
एसटीचं तिकीट. कोंबडीचं पीस.
एक केसांची पिन, लाल टिकली लावलेली.
बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत तुकडा.
कुठल्या पानातून पडलं ते कळत नाही,
म्हणून झटकणं सोडलं.
गेल्या शुक्रवारची विक्री पंच्याऐंशी रुपये,
त्यातले साठ लतीफच्या पोराच्या व्यवसायमालेचे.
बायकोला मी शंभर सांगितले.

आणि काल प्राण्यांच्या चित्रांचं एक जाडं पुस्तक,
अक्षर जवळजवळ नाहीच त्यात,
उघडलं तर अस्वलाच्या पानावर
एक सबंध भिवापुरी मिरची.
देठासकट. लालभडक.
मी वर पाहिलं.
गिरजाबाई काट्याशी खेळत होती,
अंगठ्याला अजून शाई,
बचत गटाच्या सहीची.
बरोब्बर माझ्याकडे न बघता.

मी काही विचारलं नाही.
पुस्तक हळूच मिटलं,
आणि दोघंही एकदमच शिंकलो.