बारा शब्द जास्त

खोरोगमध्ये झेरॉक्सची दुकानं आणखीही आहेत,
पण रात्रभर उघडं राहतं ते माझंच,
तेही फक्त डिसेंबरात, शिष्यवृत्त्यांच्या हंगामात.
एरवी मी पासपोर्ट छापते, जन्मदाखले,
मेंढ्यांच्या लसीकरणाचे तक्ते.

अर्जाची मुदत मध्यरात्रीपर्यंत,
पण मध्यरात्र लंडनची.
आमच्याकडे तेव्हा पहाटेचे पाच झालेले असतात,
गुंत नदी काठाकाठाने गोठत आलेली असते
आणि निसो, सलग तिसऱ्या वर्षी,
माझ्या हीटरपाशी बूट काढून बसलेली असते.

गुणपत्रिका: ताजिकमधून इंग्रजीत, नोटरीच्या निळ्या शिक्क्यासह.
शिक्का जरा तिरका आला म्हणून ती दोनदा रांगेत उभी राहिली.
शिफारसपत्रं दोन.
एक सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो.
स्वतःची स्तुती लिहायला तिला चार दिवस लागले.
"अत्यंत" हा शब्द तिने सात वेळा घातला,
सहा वेळा काढला.

राहिलं ते निवेदन. पाचशे शब्द.
आयुष्यातल्या एका अडचणीवर तुम्ही कशी मात केली, ते सांगा.
एका?
आम्ही दोघी हसलो आणि शीरचायमध्ये पाव कुस्करला.

अडचण तिने निवडली ती गावावरच्या हिमनदीची.
दर ऑगस्टात ती वर चढते,
बर्फ जिथे संपतो तिथल्या दगडावर
लाल रंगाची रेघ ओढते.
पहिली रेघ आता बर्फापासून एकसष्ट पावलं दूर आहे.
पावलं तिचीच, म्हणून तिला शिकायचंय
की ती मीटरमध्ये कशी मोजतात,
आणि आकडे कोणाला सांगायचे असतात.

चार वाजता संगणकाने तळाशी दाखवलं: ५१२.
आधी तिने विशेषणं काढली.
वाक्यं लंगडायला लागली, परत घातली.
हिमनदीचं नाव काढून बघितलं, परत घातलं.
मी घड्याळाकडे बघत होते.
रात्र थोडी, सोंगं फार.
मग तिने एकच वाक्य काळं केलं, टोकापासून टोकापर्यंत,
आणि बोट बटणावर ठेवून थांबली.

रंगाचा पहिला डबा माझ्या भावाने, अलिफबेकने,
मॉस्कोत बर्फ उपसून मिळालेल्या पैशांतून पाठवला.

मोजा हवं तर. मी मोजले होते.
"तो कुठे वाचणार आहे," ती म्हणाली,
मला नाही, पडद्याला.
पाचशे.
चार वाजून एकावन्न मिनिटांनी ते चाक फिरायला लागलं,
फिरत राहिलं,
आणि आम्ही दोघी श्वाससुद्धा हळू घेत होतो,
जणू आमच्या श्वासाने इंटरनेट तुटलं असतं.

निकाल मेमध्ये.
मार्चमध्ये अलिफबेक आला सुट्टीवर,
पासपोर्टच्या दोन प्रती हव्या होत्या त्याला.
हातांवर भेगा, नखांखाली मीठ मुरलेलं,
रस्त्यांवर टाकतात ते.
मशीन तापेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला,
मग सहज विचारावं तसं:
त्या अर्जात माझंही काही होतं का?

होतं की, मी म्हटलं.

होतं हे खोटं नव्हतं.
ड्रॉवरमध्ये पाचशे बारा शब्दांचं पान होतं,
मागच्या कोऱ्या बाजूवर मी उधारी लिहिली होती,
तीन जणांची, एकाची फिटलेली.
ते काढून दिलं.

त्याला इंग्रजी वाचता येत नाही,
पण स्वतःचं नाव कुणालाही सापडतं.
बोट तिथे गेलं आणि थांबलं.
"एल एकच लिहिलाय," तो म्हणाला,
"पासपोर्टमध्येही एकच आहे."
पडताळून पाहिलं त्याने, दोन्ही कागद शेजारी धरून,
अक्षर न् अक्षर.

मग म्हणाला, याची एक प्रत काढ.
रंगीत काढ.

त्या पानावर रंग कुठेच नव्हता.
काळी अक्षरं, कोपऱ्यात चहाचा डाग.
मी रंगीतचं बटण दाबलं.