सौम्य

पंधरा प्रश्न. उत्तरं फक्त हो किंवा नाही.
बारा मिनिटं. बाहेर बाकावर अजून पाच जण,
आणि एक फोनवर.

एलेउतेरियो टोपी गुडघ्यावर ठेवून बसतात,
तिची कड बोटांनी फिरवत राहतात,
जणू तिच्यातच कुठेतरी ब्रेक आहे.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी वाल्पाराइसोच्या एका टेकडीवर
माणसं वर नेली, खाली आणली.
एकाच तारेला बांधलेले दोन लाकडी डबे,
एक चढला की दुसरा उतरायचा.
आता दोन्ही उताराच्या मधोमध शेजारीशेजारी उभे.
'दुरुस्ती चालू' म्हणणारी पाटीसुद्धा गंजली.

झोप लागते?
लागते. तीनला मोडते.
मग?
मग गॅस बघतो. बंद असतो.
परत येऊन पडतो, परत जाऊन बघतो.
मग फ्रीजची घरघर ऐकत बसतो.
ती थांबली, की वाटतं, आता काहीतरी होणार.
काय होणार?
ते कळलं असतं तर झोपलो नसतो का, बाई?

याला माझ्या कागदावर चौकोन नाही.

आयुष्य रिकामं वाटतं?

ते खिडकीतून बंदराकडे बघतात.
क्रेनच्या दातांत एक निळा कंटेनर लोंबकळतोय.
'सकाळी नेहमी तसंच असायचं,' म्हणतात,
'भरलेला खाली, रिकामा वर.
रिकामा वर गेला नाही
तर भरलेला उतरणार कसा?
भाडं मात्र त्याचं कुणी मोजायचं नाही.'

मग हो लिहू, की नाही?

'वर कुणी थांबलंय का,
ते आधी सांगा.'

तो एक प्रश्न सोडून बेरीज सात.
तक्त्यात बोट फिरवते. सौम्य.
केवढा शहाणा शब्द:
पाय न वाजवता घरात आलेला,
कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला,
काही मागत नाही,
उठायचं नावही घेत नाही.

गुरुवारी चारला इथे पत्त्यांचा डाव असतो, या ना.
'बघतो,' म्हणतात.
टोपी घालतात. बाहेर पडून दार ओढून घेतात.
मूठ पुन्हा एकदा खाली दबते.
थोड्या वेळाने
पुन्हा.

फोन उचलते.
सेन्योरा ओर्तेन्सिया, वय एकोणऐंशी, टेकडीवरचं घर,
गुडघ्यांमुळे दोन वर्षं खाली उतरलेल्या नाहीत.
मी पहिला प्रश्न वाचायच्या आतच विचारतात,
डबा सुरू झाला का हो?

माझ्या हातात पेन.
समोर त्यांचा कोरा कागद,
त्याखाली एलेउतेरियोंचा.