अकरा टिंबं

मी टंकलेखिका. विचार करणं माझ्या कामात बसत नव्हतं.
ग्रोनिंगेन, एकोणीसशे अडुसष्ट,
विद्यापीठाचा मागचा जिना, तिसरा मजला,
रेडिएटर आतून ठोके द्यायचा
आणि डॉ. आल्त्ये रेंगर्स आलेल्या माणसाला सांगायची:
मोठ्याने विचार करा.
मनात येईल ते बोला. चुकलं तरी.

टेबलावर तीन बरण्या.
आठ लिटरची काठोकाठ, पाचाची आणि तिनाची कोरडी.
पाणी चार-चार वाटायचं.
नजरेचा अंदाज चालणार नाही.
शाळामास्तर आले, दूधवाला आला, चर्चमधला ऑर्गन वाजवणारा
सगळा वेळ टायशीच बोलत बसला.
टेप फिरायची. मग माझ्याकडे यायची.

मी स्वच्छ टाइप करायचे.
अं, हं, थांबा जरा, नाही नाही,
सगळं पाखडून टाकायचे, दाणे तेवढे ठेवायचे.
ती कागद घेऊन परत आली.
"फ्राउक्ये, ह्यांची शांतता कुठे गेली?"
मला वाटलं, थट्टा करतेय.
पुढचे दोन महिने मी तिला पाण्यात पाहिलं.

मग ठरलं: एका सेकंदाला एक टिंब.
डाव्या हातात स्टॉपवॉच,
उजव्या हाताचं बोट कळीवर, टपकत.

वुब्बो कालव्याच्या दारांवर कामाला होता.
ओले बूट दाराबाहेर काढून आला, मोज्याला भोक.
आठातून पाच भरली. पाचातून तीन.
मग हात थांबला.
तिनातलं पाणी परत मोठ्या बरणीत ओतायचं?
एवढं केलेलं सगळं मोडायचं?
. . . . . . . . . . .
अकरा. मी तीनदा मोजली.
मग टेपवर त्याचा आवाज, जवळजवळ ओशाळलेला:
"बोट वर चढवायची, तर आधी
कुंडातलं पाणी खाली सोडावंच लागतं की."
आणि त्याने ओतलं.

तेव्हाचं यंत्र खोलीभर पसरलेलं होतं.
त्याने हेच कोडं सात ओतण्यांत सोडवलं,
न अडखळता, एका दमात, पाठ केलेल्या मुलासारखं.
प्राध्यापक मंडळींनी टाळ्या वाजवल्या.
आल्त्ये म्हणाली, उत्तर आलंय,
वुब्बो आलेला नाही.

तिने यंत्राची आठवण कापली.
एका वेळी चारच गोष्टी हातात धर, पाचवी आली की एक सांडू दे.
मागे वळणं तुला महाग पडू दे.
सोळा महिने. दोनदा निधी नाकारला.
समितीतले एक गृहस्थ म्हणाले,
मूर्खपणा आपल्याकडे फुकट मिळतो, मॅडम,
तो बनवायला पैसे कशाला?

फेब्रुवारीतली रात्र. कालवा गोठलेला.
यंत्राने पाच भरली. तीन भरली.
आणि छपाईची सुई थबकली.
कागदावर टिंब. टिंब. टिंब.
डाउवे, देखभालीचा पोऱ्या, पाना घेऊन धावत आला,
"बिघडलं!" म्हणत त्याने बटणाकडे हात नेला
आणि आल्त्येने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा हात धरला असेल, इतक्या जोरात
त्याचा धरला.

नऊ टिंबं पडली. अकरा नाही.
ती दोन कुठे गेली, ह्यावर तिने पुढची वीस वर्षं घालवली.
लोकांना वाटायचं यंत्र माणसासारखं व्हावं असा तिचा हट्ट आहे.
तसं नव्हतं. तिला माणूस कळत नव्हता,
आणि जे कळत नाही ते
बांधून बघायची तिची खोड होती.
शोधनिबंध छापून आला तेव्हा छापखान्याने
सगळी टिंबं शाईचे डाग समजून पुसली होती.
ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला.

निवृत्तीच्या दिवशी ती खोके भरत होती.
बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाली,
"एकवीस वर्षं तू सगळ्यांचे विचार ऐकलेस.
तुला कधी विचारलंच नाही. तू ते कोडं कसं सोडवलंस?"

मी तोंड उघडलं.
रेडिएटरने ठोका दिला. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.
मी अजून बोलले नव्हते
आणि आल्त्ये, खोक्यावर हात तसाच ठेवून,
हळूच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.