आडवं अंतर

सांबऱ्याचा विमानतळ आमच्या परसातून हाकेवर.
कुंपणापलीकडचा माणूस शिंकला तरी कळतं.
तरी गौतमी निघाली ती गोव्याला,
बाळेशच्या टॅक्सीतून, चोर्ल्याच्या घाटानं,
कारण तिकडून तिकीट अकरा हजारांनी स्वस्त.
बॅग तोलली होती चौगुल्यांच्या बटाट्याच्या काट्यावर :
तेवीस किलो, वर एक मूठ मसूर,
ती मूठ आईनं परत काढली.
गाडी वळली तेव्हा डोक्यावरून बेंगळूरचं विमान गेलं,
एवढं खाली की चाकं आत घेताना दिसली.

मग अप्पांनी विचारलं, किती लांब गा ते?
मी मोबाइलवर दोन नावं टाकली.
सांबरा. ऑकलंड.
समुद्रावर एक बारीक निळी कमान उमटली.
खाली : सुमारे बारा हजार किलोमीटर,
उड्डाण चौदा तास.
"मधी कुठं न उतरता?"
"हो."
"असं कोण जातंय?"
"कोणीच नाही."

अप्पा सर्व्हे खात्यात चौतीस वर्षं साखळी ओढत होते.
तेहतीस फूट, सोळा आणे, एक साखळी.
हुदली, मुचंडी, बाळेकुंद्री, सगळे बांध त्यांच्या पोटऱ्यांत.
त्यांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला :
बारा लाखांना थोड्या कमी साखळ्या.
दिवसाला दोनशे धरल्या तर एकोणीस वर्षं,
रविवारची सुट्टी धरून.
"समुद्रात खुंट्या कशा मारणार पण,"
म्हणाले, आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला.
मुलांनी फुटबॉल केलेला, ध्रुवाशी पोचे.
अप्पांनी आईच्या डब्यातला दोरा घेतला,
एक टोक अंगठ्याखाली बेळगावात,
दुसरं ताणत ताणत पार खालपर्यंत.
वीत आणि तीन बोटं.
बराच वेळ ते ती वीत बघत बसले.

"खात्यात आडवं अंतर लिहायचं," ते म्हणाले.
"टेकडी आली तरी साखळी हवेत सपाट धरायची.
हात दुखायचे. चढ कागदावर येतच नाही.
राजहंसगडाची एक बाजू मी तीनदा चढलो,
नकाशात ती एवढीशी."
मग थांबून,
"तुझ्या त्या चौदा तासांत घाट धरलाय का?"

घाट नव्हता धरला.
चोर्ल्याला तिला झालेली उलटी नव्हती,
मुंबईतली रांग नव्हती,
सिंगापूरला नऊ तास,
उशाला बूट घेऊन काढलेली झोप नव्हती.
उतरली तेव्हा तेहतीस तास झाले होते,
आणि तिथलं घड्याळ साडेसात तास पुढं.
हे साडेसात कुठल्या रकान्यात टाकायचे
ते अप्पांनाही सुचलं नाही.

रात्री त्यांनी जुनी फील्डबुक काढली,
कोऱ्या पानावर रेघा मारल्या.
पासून : घर.
पर्यंत : गौतमी.
लांबी,
खात्यानं तिशीत शिकवलेल्या कानडी आकड्यांत,
बारा हजार.
वेळेचा रकाना त्या वहीत कधी नव्हताच.
शेरा मात्र मराठीत, जुन्या वळणाच्या अक्षरात,
चौतीस वर्षांत शेकडो वेळा लिहिला असेल तसा :

मोजणीवेळी लगतदार गैरहजर.