आठ भोकं

हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर, शिडं शिवायच्या माळ्यात
आम्ही सातजणी पिशव्या शिवायचो.
जाड कॅनव्हास, मेण लावलेला दोरा, तळाशी शिशाच्या दोन कांबी,
अंगाला आठ भोकं, पितळी कडीची,
पाणी लवकर आत शिरावं म्हणून.
शेवटची गाठ ज्याची त्याची.

आत व्यापारी जहाजाचं संकेतांचं पुस्तक.
शत्रू दिसला की आधी ते समुद्रात,
मग माणसं होडीत.
हा क्रम छापलेला होता.

एक लेफ्टनंट यायचा, बारमाही सर्दीचा.
धक्क्यावरून पिशवी फेकायचा, हातात घड्याळ.
"एकोणीस सेकंद, मिसेस मॅक्आस्किल!
एवढ्यात शेंबडं पोरही गळाने ओढून घेईल."
मी भोकं वाढवली. सहावर आणली.
त्या दिवशी त्यानं मला एक संत्रं दिलं.

रविवारी साऱ्या बायका कुणी तरंगावं म्हणून हात जोडत.
मी त्यांच्याच बाकावर बसून
काहीतरी चटकन बुडावं, असं मागायचे.

लॉकलन 'आर्डव्होर'वर वायरलेसला.
सुटीत घरी आला की चार-चार आकड्यांत बोलायचा.
मिठाला चार, बटाट्याला चार,
दिवा मालवायला दोनच,
आणि ते मला पुस्तकाशिवाय कळायचे.

मार्चमध्ये बार्बाडोसचा खानसामा आला, ग्रँटली,
टोपी गुडघ्यावर, नखं अजून काळीनिळी.
होडीत लॉकलनची जागा धरून ठेवली होती, म्हणाला.
पिशवी वर राहिली, म्हणून तो परत चढला.

"बुडाली का?"
मी पहिलं हेच विचारलं.
हेच. आधी.
"हो बाई. दगडासारखी."

युद्ध संपल्यावर लेफ्टनंट चहाला आला. सर्दी तीच.
तेच पुस्तक, तीच आवृत्ती,
'आर्डव्होर'च्या अकरा महिने आधी
दुसऱ्या एका जहाजाच्या खणात त्यांना मिळालं होतं.
कोरडं. पान न् पान.
पाण्यात गेलं म्हणतात, ते असं.

पिशवी नव्हती का त्या जहाजावर?
होती की.
कप्तानानं तिच्यात कांदे ठेवले होते.
भोकांमुळे हवा खेळते, कुजत नाहीत.

त्यानं कप खाली ठेवला.
गाठ कुणाची होती,
मी विचारलं नाही.