जागा नाही

तीन दिवस भांडलो, मी आणि व्यंकट बिरादार,
उदगीरच्या डाळमिलवरच्या खोलीत, जिथं
कीबोर्डच्या फटींत तुरीचा भुसा बसतो.

तो म्हणायचा, फ्लटर.
एकदा लिहायचं, दोन्हीकडं चालवायचं.
दोन्हीकडं म्हणजे कुठं रे?
अख्ख्या मोंढ्यात आयफोन एक,
तोही अडत्याच्या जावयाचा, अन् जावई हैदराबादला.
मग रिॲक्ट नेटिव्ह म्हण. मग कॉटलिन.
फळ्यावर रकाने पडले :
वेग, खर्च, पाच वर्षांनी कोण सांभाळणार.
त्या शेवटच्या रकान्यात त्यानं माझं नाव लिहिलं.
मी ते बोटानं पुसलं.
पुण्याहून आलेल्या पत्राचं त्याला अजून सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी लाईट गेली, म्हणून खाली उतरलो.

काट्यापाशी मदारसाब मापाडी,
कानामागं पेन्सिल, सोयाबीनचे कट्टे मोजत.
फोनची काच फुटलेली, भोवती रबर.
नमुना टाकायला गेलो तर फोन म्हणाला, जागा नाही.
आत चारशे बारा व्हिडिओ. सगळे कबुतरांचे.
उडताना, उतरताना,
एक तर नुसतंच मान वळवून बघतंय.
"यातलं कुठलं काढू?" व्यंकटनं विचारलं.
मदारसाबनं फोन हळूच काढून घेतला.
"तुमचं काढा की."

संध्याकाळी त्यानंच गच्चीवर नेलं.
कबुतरांची छत्री : बांबूची चौकट, काथ्यानं आवळलेली,
एका कोपऱ्यात जुन्या धोतराची चिंधी.
मी विचारलं, लोखंडाची का नाही केली? टिकली असती.
"टिकती की. पण उन्हात तापती.
पाय भाजतात त्यांचे."

व्यंकट काही बोलला नाही.
जिना उतरताना मात्र बोलला, म्हणजे पुटपुटला :
आपण तर लोखंडाचाच भाव काढत बसलो होतो.

रात्री एकच पान लिहिलं. साधं.
ब्राउझरात उघडणारं,
रेंज गेली तरी वजन धरून ठेवणारं,
एका कबुतराच्या व्हिडिओहून हलकं.
"याला काय फ्रेमवर्क म्हणायचं?" व्यंकट जांभई देत म्हणाला.
फळ्यावर माझ्या नावाचा पांढुरका डाग तसाच होता.

खिडकीतून शिट्टी ऐकू येत होती.
मदारसाब अजून वरच असावा.
एक उतरायचं राहिलं होतं.